गच्चीवरून सूर्याचा कानोसा

(राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त हौशी आकाशनिरीक्षकांसमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



२८ फेब्रुवारी हा दिवस आपण सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या १९२८ सालच्या शोधाचे स्मरण म्हणून पाळतो. माझ्या विषयाच्या दृष्टीने या तारखेला आणखी एक महत्त्व आहे. १९४२ साली, दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना, फेब्रुवारीच्या २७ आणि २८ तारखांना इंग्लंडच्या विमानवेधी तोफांना दिशा दाखविणारी रडार यंत्रे प्रचंड खरखरीने ग्रासली गेली. त्याआधी दोनच आठवडे, १२ फेब्रुवारीला, जर्मन युद्धनौका ब्रिटिश रडारांना गोंधळात पाडून दिवसाढवळ्या इंग्लिश खाडीतून निसटल्या होत्या. त्यामुळे ही खरखर म्हणजे शत्रूचा नवा डाव, असेच सर्वांना वाटले. चौकशीचे काम जेम्स स्टॅन्ली हे या लष्करी संशोधकाकडे आले. त्यांनी निरनिराळ्या ठाण्यांवरून आलेल्या दिशांच्या नोंदी एकत्र मांडल्या. सगळ्या दिशा सूर्याकडे जात होत्या, आणि सूर्य सरकेल तशा सरकत होत्या. त्यांनी ग्रीनिचच्या वेधशाळेकडे विचारणा केली, तेव्हा सूर्यबिंबाच्या मध्याजवळ डागांचा एक मोठा समूह आला असल्याचे कळले. शत्रू सापडला होता, पण तो १५ कोटी किलोमीटरवर होता! युद्धकालीन गोपनीयतेमुळे हा शोध १९४६ पर्यंत जगापुढे आला नाही.

ही हकीकत मी मुद्दाम विस्ताराने सांगितली. सूर्याच्या रेडिओ-उद्रेकांचा शोध कोणत्याही भव्य दुर्बिणीने लागलेला नाही. ती रडार यंत्रे चार ते सहा मीटर तरंगलांबीवर चालत होती. आपल्याकडे घरोघरी छपरावर माशाच्या सांगाड्यासारख्या ज्या दूरदर्शनच्या अँटेना असत, त्यांतील काहींची तरंगलांबी साधारण हीच होती. म्हणजे सूर्य जेव्हा खरोखर खवळतो, तेव्हा त्याचा रेडिओ-आवाज ऐकण्यास राष्ट्रीय प्रयोगशाळेची आवश्यकता नसते. तुमची-आमची गच्ची पुरते. मात्र जे ऐकू आले ते सूर्याचेच होते, हे सिद्ध करणे हे वेगळे आणि पुष्कळ कठीण काम आहे. हे साहेबांचे खरे कर्तृत्व त्या सिद्धतेत आहे. त्यांच्या आधीही, १९३० च्या दशकात, लघुलहरींवर संभाषण करणाऱ्या हौशी रेडिओचालकांनी दिवसा अधूनमधून येणारा विचित्र फुत्कार ऐकला होता. इंग्लंडमधील हाइटमन या हौशी चालकाने त्याची नोंदही केली होती. कारण मात्र तेव्हा निर्विवाद ठरले नाही. आजच्या व्याख्यानात यंत्रापेक्षा या पडताळ्यावर मी अधिक बोलणार आहे, ते याचसाठी.

आधी सूर्यावर काय घडते ते थोडक्यात पाहू. खग्रास ग्रहणाच्या वेळी सूर्याभोवती जे मोतिया रंगाचे प्रभामंडल दिसते, ते अतितप्त, विद्युतभारित वायूचे, म्हणजे प्लाझ्माचे असते. त्यात इलेक्ट्रॉन सुटे फिरत असतात. शांत पाण्याला धक्का दिला म्हणजे ते ठरावीक तालात हेलकावते. त्याप्रमाणे या इलेक्ट्रॉनांनाही धक्का बसला की ते एका ठरावीक कंप्रतेने आंदोलू लागतात आणि त्यातून रेडिओ लहरी निघतात. कंप्रता म्हणजे एका सेकंदातील आंदोलनांची संख्या, रेडिओच्या तबकडीवरचा आकडा. ही कंप्रता एकाच गोष्टीवर अवलंबून असते : त्या ठिकाणी इलेक्ट्रॉनांची दाटी किती आहे. एका घन सेंटिमीटरमध्ये सुमारे ८ कोटी इलेक्ट्रॉन असतील तर कंप्रता ८० मेगाहर्ट्‌झ येते. दाटी चौथाईवर, म्हणजे २ कोटींवर आली की कंप्रता निम्मी, ४० मेगाहर्ट्‌झ होते.

सूर्यापासून जसजसे दूर जावे तसतशी ही दाटी कमी होत जाते. म्हणून सूर्यातून बाहेर निघालेली एखादी गोष्ट आपल्या वाटेवरच्या प्लाझ्माला धक्के देत चालली असेल, तर तिचा आवाज आधी वरच्या कंप्रतेवर आणि मग क्रमाक्रमाने खालच्या कंप्रतेवर ऐकू येईल. या घसरणीला अपवाद आहेत, त्यांपैकी एकाचा उल्लेख पुढे येईल. पण हौशी निरीक्षकाच्या हाती असलेली सर्वांत मोलाची खूण हीच. आपल्या घरातली किंवा शेजारची खरखर सहसा अशा शिस्तीने वरून खाली उतरत नाही.

या उद्रेकांचे पहिले पद्धतशीर अध्ययन ऑस्ट्रेलियात झाले. १९४५ पासून त्या कामात आघाडीवर असलेल्या रुबी पेन-स्कॉट या जगातील पहिल्या स्त्री रेडिओ-खगोलशास्त्रज्ञ मानल्या जातात. विवाहित स्त्रीला सरकारी सेवेत कायम पद नाही, असा त्या देशाचा तेव्हा नियम होता. बाईंचा विवाह उघडकीस आल्यावर त्यांचे कायम पद गेले आणि १९५१ साली त्यांनी ते क्षेत्रच सोडले. प्रगत म्हणविणाऱ्या समाजांचेही असे हिशेब असतात! पुढे पॉल वाइल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० साली उद्रेकांचे पहिले तीन प्रकार पाडले. चौथा आणि पाचवा त्याच दशकात पुढे जोडले गेले. पहिला प्रकार म्हणजे डागांच्या समूहावर तासन्‌तास, कधी कित्येक दिवस चालणारी कुरकुर. चौथा मोठ्या ज्वालेनंतर रेंगाळणारा, रुंद पट्ट्यावर पसरलेला. पाचवा तिसऱ्याच्या पाठोपाठ येणारा. आपल्याला मुख्यतः दुसरा आणि तिसरा हवा.

तिसऱ्या प्रकारात सौरज्वालेच्या जागेहून सुटलेला इलेक्ट्रॉनांचा झोत प्रकाशाच्या सुमारे एक-तृतीयांश वेगाने प्रभामंडळातून बाहेर धावतो. त्याची घसरण काही सेकंदांत उरकते. रेडिओवर तो आवाज समुद्राची लाट किनाऱ्यावर येऊन ओसरावी तसा भासतो. दुसऱ्या प्रकारात सेकंदाला साधारण हजार किलोमीटर वेगाने जाणारा आघात-तरंग असतो. त्याची घसरण मिनिटांच्या हिशेबाने चालते आणि आलेखावर पुष्कळदा दोन समांतर पट्टे दिसतात, एक मूळ कंप्रतेचा आणि दुसरा तिच्या दुपटीचा. आणखी एक उपप्रकार आहे. त्यात कंप्रता आधी घसरते आणि मग पुन्हा वर चढते, कारण इलेक्ट्रॉन चुंबकीय कमानीवरून वर जाऊन पलीकडे खाली उतरतात. आलेखावर इंग्रजी यू अक्षर उलटे ठेवल्यासारखी आकृती उमटते. हा शोध ॲलन मॅक्सवेल यांच्यासह एका भारतीय तरुणाने लावला आणि १९५८ साली तो प्रसिद्ध झाला. त्या तरुणाचे नाव गोविंद स्वरूप.

स्वरूप यांचे नाव आले की महाराष्ट्राशी असलेला या विषयाचा संबंध सांगणे ओघाने येते. १९५३ साली ते सिडनीला शिकण्यास गेले. तेथे पॉट्स हिल या ठिकाणी सूर्याचा वेध घेणाऱ्या, प्रत्येकी सहा फूट व्यासाच्या ३२ तबकड्या होत्या. त्यांचे तेथील काम संपत आले, तेव्हा स्वरूप यांनी त्या भारताला मिळाव्यात अशी विनंती केली आणि ती मान्य झाली. त्या तबकड्या भारतात आल्या, पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेकडे गेल्या आणि १९६५ साली आपल्या कल्याणजवळ उभ्या राहिल्या : २४ पूर्व-पश्चिम रेषेत, ८ दक्षिणोत्तर रेषेत, ६१० मेगाहर्ट्‌झवर सूर्याकडे कान लावून. त्या संस्थेच्या या गटाची ती पहिली रेडिओ-दुर्बिण. नंतर १९७० साली उटीची प्रचंड दुर्बिण झाली, आणि १९९० च्या दशकात नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या उभारल्या गेल्या. खोडदला जाणाऱ्यांना त्या तबकड्यांचे कौतुक वाटते. पण ज्या हातांनी त्या उभारल्या, त्यांनी आरंभ दुसऱ्यांच्या कामातून निवृत्त झालेल्या सामग्रीवर केला, हे कल्याणच्या रहिवाशांपैकीही फार थोड्यांना ठाऊक आहे.

आता आपण गच्चीवर येऊ.

कोणती कंप्रता निवडावी? अमेरिकेच्या ‘नासा’शी निगडित ‘रेडिओ जोव्ह’ या शैक्षणिक प्रकल्पात २०.१ मेगाहर्ट्‌झचा रिसीव्हर आणि सुमारे सात मीटर लांबीच्या दोन तारांच्या अँटेना वापरतात. गुरू ग्रह आणि सूर्य, दोघांचेही आवाज त्यावर येतात. आपल्या अक्षांशांवर मात्र, सूर्य सक्रिय असण्याच्या वर्षांत, दुपारी आयनांबर इतके दाट होते की २० मेगाहर्ट्‌झच्या आसपास दूरदेशीची प्रक्षेपणे येऊन आदळतात. शिवाय ज्वालेतील क्ष-किरणांमुळे आयनांबराचा खालचा थर अशा लहरी शोषू लागतो. म्हणजे नेमका उद्रेक व्हावा आणि नेमके तेव्हाच आपले कान बंद व्हावेत. म्हणून माझे मत असे की, भारतातील हौशी निरीक्षकाने ४० ते ८० मेगाहर्ट्‌झचा पट्टा धरावा. ८८ ते १०८ हा एफ.एम. केंद्रांचा मुलूख, तिकडे फिरकूच नये. दूरदर्शनची जमिनीवरील जुनी ॲनालॉग प्रक्षेपणे २०२२ पर्यंत बहुतेक सगळी बंद झाल्याने खालचा पट्टा पूर्वीपेक्षा मोकळा झाला आहे, ही एक सोय.

अँटेना साधी असावी. ६० मेगाहर्ट्‌झसाठी मधोमध तुटलेली, एकूण सुमारे २ मीटर ३७ सेंटिमीटर लांबीची ॲल्युमिनियमची नळी किंवा तार, म्हणजे द्विध्रुव, आणि त्याला टीव्हीची केबल. रुंद पट्टा हवा असेल तर लहान-मोठ्या दांड्यांची लॉग-पिरिऑडिक अँटेना सुताराच्या आणि वेल्डिंगवाल्याच्या मदतीने घरी करता येते. अँटेनाजवळच एक अल्परव वर्धक बसवावा. रिसीव्हर म्हणून संगणकाला लावायची, मुळात डिजिटल टीव्हीसाठी निघालेली आर.टी.एल.-एस.डी.आर. ही बोटभर लांबीची कळ काही हजार रुपयांत मिळते. तिची मर्यादा अशी की, ती एका वेळी जेमतेम अडीच मेगाहर्ट्‌झ रुंदीचाच पट्टा पाहते. त्यावर उपाय म्हणून दोन कळा घ्याव्यात. एक ८० च्या जवळ, दुसरी ४० च्या जवळ, आपापल्या भागात शांत असलेल्या जागी लावून ठेवावी. मग घसरण आपोआप दिसते : आधी वरची सुई हलते, मागाहून खालची. आवाजाची पातळी आपोआप सारखी राखणारी सोय रिसीव्हरमध्ये असते, ती न विसरता बंद करावी. ती चालू राहिली तर उद्रेक आला की यंत्र स्वतःच कान झाकून घेते. आणि संगणकाचे घड्याळ इंटरनेटवरून रोज जुळवावे.

या दोन आकड्यांतून काय निघते ते पाहा. गॉर्डन न्यूकर्क यांनी १९६१ साली प्रभामंडळाच्या दाटीचे एक सूत्र दिले. त्याप्रमाणे ८० मेगाहर्ट्‌झची पातळी सूर्यकेंद्रापासून १.३२ सौरत्रिज्यांवर येते आणि ४० मेगाहर्ट्‌झची १.६२ सौरत्रिज्यांवर. दोहोंत अंतर सुमारे २ लाख किलोमीटर. खालच्या कंप्रतेवर आवाज दोन सेकंदांनी आला तर वेग सेकंदाला एक लाख किलोमीटर, म्हणजे इलेक्ट्रॉनांचा झोत. साडेतीन मिनिटांनी आला तर वेग हजार किलोमीटर, म्हणजे आघात-तरंग. शाळेतील काळ-काम-वेगाचे गणित येथे पुरते. या उत्तरात ढोबळपणा आहे. प्रभामंडल सर्वत्र सारखे नसते, आणि आपण ऐकतो तो मूळ स्वर की त्याची दुप्पट, हाही प्रश्न राहतो. पण सेकंद आणि मिनिटे यांतला फरक इतका ठळक आहे की, या ढोबळपणाने निवाडा बदलत नाही. गच्चीवर बसून सूर्याच्या वातावरणातील वेग मोजता येतो, याचा आनंद काय असतो ते ज्याने मोजला त्यालाच कळेल.

आता मुख्य अडचण. खोडदची जागा निवडताना डोंगरांच्या आडोशाने शहरी रेडिओ-कोलाहल अडेल, हा एक विचार होता. आपल्याला तो आडोसा नाही. एल.ई.डी. दिव्यांचे स्वस्त चालक, मोबाईलचे चार्जर, इन्व्हर्टर, मोटारसायकलच्या ठिणग्या, विजेच्या खांबावरचा सैल जोड, सणासुदीच्या विद्युतमाळा – या सगळ्यांची खरखर या पट्ट्यात येते. आणि दैवदुर्विलास असा की, छपरावरच्या सौर पॅनेलांना जोडलेले हलक्या प्रतीचे इन्व्हर्टर बरोबर ऊन असतानाच खरखरतात! सकाळी सुरू होतात, माध्यान्ही वाढतात, संध्याकाळी थांबतात. नवख्याला वाटते, हा तर साक्षात सूर्य. आमच्या वसाहतीत अशा एका इन्व्हर्टरने एका उत्साही विद्यार्थ्याला आठवडाभर झुलवले. ढग आल्यावर खरखर कमी झाली, तेव्हा त्याच्या ध्यानात आले. रेडिओ लहरींना ढगांची क्षिती नसते, पॅनेलांना असते.

म्हणून माझा पहिला आग्रह : नोंद रात्रीही चालू ठेवा. जे रात्री दिसते ते सूर्याचे नाही, एवढे तरी निश्चित. महिनाभराच्या रात्रींनी तुम्हाला तुमच्या गल्लीची ओळख होते. पाण्याचा पंप किती वाजता लागतो, शेजारच्या दुकानाची पाटी केव्हा पेटते, हे आलेखावर वाचता येते. त्याच रात्रींमध्ये आणखी एक मंद चढउतार दिसू लागला तर समजावे की आपले यंत्र उत्तम आहे. आकाशगंगेचा गाभा आकाशातून जातो तेव्हा पार्श्वभूमी हळूच वर येते, आणि ही वेळ रोज सुमारे ४ मिनिटांनी अलीकडे सरकते. कार्ल जान्स्की यांनी १९३० च्या दशकाच्या आरंभी नेमक्या याच सरकण्यावरून ओळखले होते की हा आवाज सूर्याचा नाही, ताऱ्यांच्या दिशेने येतो. आकाशगंगा ऐकू येत नसेल तर आधी अँटेना सुधारा, सूर्याचे नंतर पाहू.

दुसरा पडताळा घसरणीचा, तो सांगून झाला. आकाशातील वीज सर्व कंप्रतांवर एकदम कडाडते आणि क्षणात संपते. तिला घसरण नसते. तिसरा पडताळा दूरच्या साक्षीदाराचा. तुमची नोंद आणि शंभर किलोमीटरवरच्या मित्राची नोंद एकाच सेकंदाला उसळली, तर तुमच्या गल्लीतला इन्व्हर्टर निर्दोष सुटतो. म्हणून मी नेहमी सांगतो, ही केंद्रे जोडीने उभारा. एक सांगलीला असेल तर दुसरे नगरला असू द्या. चौथा पडताळा जगाचा. स्वित्झर्लंडमध्ये क्रिस्टियान मोनस्टाइन यांनी ‘कॅलिस्टो’ नावाचा स्वस्त वर्णपटमापक विकसित केला. तो ४५ ते ८७० मेगाहर्ट्‌झ ऐकतो, आणि त्याच्या केंद्रांचे जाळे आज अनेक देशांत पसरलेले आहे. आपल्याकडे उटी आणि कर्नाटकातील गौरीबिदनूर येथे ती यंत्रे बसली. त्यांच्या नोंदी सर्वांना खुल्या असतात. अमेरिकेच्या भूस्थिर उपग्रहांवरील क्ष-किरणांचे आलेखही कोणालाही पाहता येतात. मात्र आधी स्वतःचा निष्कर्ष वहीत लिहावा, वेळ घालावी, आणि मगच हे आलेख उघडावेत. उलट केले तर मनाला हवे ते दिसू लागते. वेळा जागतिक वेळेत लिहाव्यात, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करून.

ज्यांना शहरात हे जमणे अगदीच अशक्य आहे, त्यांच्यासाठी एक आडवाट आहे. तमिळनाडूतील विजयनारायणम येथून आपले नौदल १८.२ किलोहर्ट्‌झवर प्रक्षेपण करते. तारेचे एक मोठे वेटोळे करून त्या प्रक्षेपणाची पातळी मोजत राहावे. ज्वालेचे क्ष-किरण आयनांबरावर आदळले की ती पातळी एकाएकी बदलते. येथे आपण सूर्याचा आवाज ऐकत नाही, त्याने आपल्या वातावरणावर मारलेली थाप पाहतो.

‘आवाज’ हा शब्द मी वारंवार वापरतो आहे, म्हणून एक खुलासा करणे माझे कर्तव्य आहे. सूर्य ॐकाराचा ध्वनी करतो आणि ‘नासा’ने तो ध्वनिमुद्रित केला, असा मजकूर आपल्यापैकी पुष्कळांना मोबाईलवर आलेला असेल, काहींनी तो श्रद्धेने पुढेही धाडला असेल. असे काही झालेले नाही. अंतराळाच्या पोकळीतून ध्वनी येऊच शकत नाही. सूर्याचा पृष्ठभाग दर पाच मिनिटांच्या आसपास थरथरतो; ‘सोहो’ यानाने टिपलेल्या त्या थरथरीची गती सुमारे ४२ हजार पट वाढवून शास्त्रज्ञांनी ती कानाला ऐकू येण्याजोगी केली, एवढेच. आपण ऐकतो ती रेडिओ-खरखरदेखील रिसीव्हरने विजेचे रूपांतर ध्वनीत केलेले असते. ॐकाराचे महत्त्व ज्यांना आहे, त्यांना ते अशा दाखल्यावाचूनही आहे. खोट्या दाखल्याने मात्र आपल्या मुलांचा विज्ञानावरचा आणि आपल्यावरचा, दोन्ही विश्वास उणावतो.

“हे सारे कशासाठी?” असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. मोठ्या संस्था आहेत, उपग्रह आहेत, गच्चीवरच्या तारेने काय साधणार? उत्तरादाखल तीन प्रसंग सांगतो. २३ मे १९६७ रोजी सूर्याच्या रेडिओ-उद्रेकाने अमेरिकेची उत्तर ध्रुवाकडील क्षेपणास्त्र-सूचक रडारे आंधळी झाली. रशियाने ती मुद्दाम बंद पाडली, असा समज होऊन प्रकरण युद्धाच्या तयारीपर्यंत गेले. सौर-निरीक्षकांनी कारण वेळेवर सांगितले म्हणून अनर्थ टळला. ६ डिसेंबर २००६ रोजीच्या उद्रेकाने पृथ्वीच्या प्रकाशित बाजूवरील जी.पी.एस. ग्राहकयंत्रे गोंधळली, तेव्हा सौरचक्र उतरणीच्या अगदी तळाशी आले होते, हे विशेष. ४ नोव्हेंबर २०१५ रोजी स्वीडनच्या हवाई वाहतूक नियंत्रणाची रडारे बिघडली आणि विमाने खोळंबली.

या तिन्ही प्रसंगी भारतात सूर्य मावळलेला होता. याचा अर्थ आपण सुरक्षित आहोत असा नाही; ती वेळ आपली नव्हती, इतकाच आहे. ६ सप्टेंबर २०१७ ची मोठी ज्वाला आपल्या घड्याळात सायंकाळी साडेपाचला शिखरावर होती. मे २०२४ मध्ये ज्या वादळाने लडाखमधील हानले येथून तांबूस ध्रुवीय प्रकाश दिसला, त्या दिवसांतली १० मेची ज्वाला आपल्याकडे भर दुपारी साडेबाराच्या सुमारास आली. अशा वेळी अमेरिकेत रात्र असते. रेडिओ-उद्रेक पुन्हा वाजवून मिळत नाही. त्या घटकेला ज्या देशावर ऊन आहे, त्याने ऐकला तर ऐकला. ‘आदित्य-एल १’ आपल्या ठिकाणी ६ जानेवारी २०२४ रोजी पोहोचले आणि त्यावरील सात उपकरणांचा प्रत्येक भारतीयाला अभिमान वाटावा. परंतु त्यांत रेडिओ वर्णपटमापक नाही. आपल्या रेखांशावर हा कान जमिनीवरूनच लावायचा आहे, आणि उटी-गौरीबिदनूरपलीकडे जितकी केंद्रे असतील तितकी नोंद भक्कम होते. दुसऱ्या प्रकारचा उद्रेक ऐकू आला, तर हजार किलोमीटर वेगाने तो आघात थेट आपल्याकडे निघाला असल्यास बेचाळीस तासांच्या आसपास पोहोचेल, असा ढोबळ अदमास आपणही करू शकतो. वाटेत त्याचा वेग बदलतो आणि तो आपल्या दिशेने आहे की नाही, हे केवळ रेडिओवरून कळत नाही. तेव्हा अशा अदमासाची वर्तमानपत्रात बातमी देऊ नये.

आपल्याकडे हौशी निरीक्षकांची परंपरा जुनी आहे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून कार्यरत आहे. रूपविकारी ताऱ्यांच्या, पिधानांच्या नोंदी आपले निरीक्षक करीत आले. रेडिओकडे मात्र आपण कमी वळलो, आणि त्याचे कारण खर्च हे नसून कंटाळा हे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. दुर्बिणीतून शनीचे कडे दिसले की पाहणारा हरखतो. येथे पुष्कळदा पंधरा-पंधरा दिवस एक सपाट रेषा पाहावी लागते. चालू सौरचक्र २०१९ च्या डिसेंबरात सुरू झाले, २०२४ मध्ये शिखरावर आले आणि आता उतरणीला लागले आहे. सपाट दिवस वाढत जातील. तरीही ऑक्टोबर-नोव्हेंबर २००३ चे प्रचंड उद्रेक आणि नुकताच सांगितलेला डिसेंबर २००६ चा, हे दोन्ही उतरणीवरचेच होते. ज्यांची यंत्रे त्या काळातही चालू राहिली, त्यांनाच ते मिळाले. शाळांना माझी विनंती आहे की, विज्ञान प्रदर्शनापुरते हे यंत्र मांडू नका. प्रदर्शनाच्या दिवशी सूर्य उद्रेक करीलच असे नाही. छपरावर कायम बसवा, आणि रोज कोणाची पाळी आहे ते फळ्यावर लिहा.

मी सोबत तीन ध्वनिमुद्रणे आणली आहेत, प्रत्येकाचा आलेख पडद्यावर दिसेल. एक तिसऱ्या प्रकारच्या उद्रेकाचे आहे, एक पावसाळी विजेचे, आणि एक आमच्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीचे. कोणते कोणते, ते मी आधी सांगणार नाही. विद्यार्थ्यांनी आपला निर्णय वहीत लिहावा, दोन्ही कंप्रतांवरच्या वेळा टिपून घ्याव्यात, मग आपण मिळून तपासू. मागच्या रांगेतील मंडळींनी कृपया पुढे यावे, आणि व्यवस्थापकांनी या बाजूचे दिवे मालवावेत, ही विनंती.